सुभेदार मल्हारराव होळकर

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, तापी नदीच्या उत्तरेस, तळोदे नावाचे गाव आहे. पूर्वी हा सारा मुलूख खानदेशात मोडत असे. पुढे तो धुळे जिल्ह्यात होता आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून तळोदे हे नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस या गावी भोजराज बारगळ नावाचे एक मानी गृहस्थ राहत. सरदार कदमबांडे यांच्या सेवेत त्यांचे घोडेस्वारांचे एक लहानसे पथक होते. त्यांच्या घरी एके दिवशी त्यांची विधवा बहीण आपल्या लहानग्या मुलाला घेऊन आश्रयास आली. तो मुलगा म्हणजेच पुढे उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांचे निशाण नाचविणारे सुभेदार मल्हारराव होळकर होत.

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ रोजी नीरा नदीकाठच्या होळ या गावी एका धनगर कुटुंबात झाला. गावाच्या नावावरूनच त्यांच्या घराण्याला होळकर हे आडनाव पडले. वडील खंडोजी मुलाच्या लहानपणीच वारले. भाऊबंदांच्या त्रासाला कंटाळून आईने माहेरची वाट धरली. तळोद्यास मल्हारी मामाची मेंढरे राखू लागला. रानात निजलेल्या या मुलाच्या तोंडावर ऊन पडू नये म्हणून एका नागाने फणा धरला, अशी एक लोककथा सांगतात. कथेचे काहीही असो. भाच्याच्या अंगचे धाडस आणि चपळाई भोजराजांनी ओळखली, त्याच्या हातातील काठी काढून भाला दिला आणि त्याला आपल्या पथकात घेतले. पुढे १७१७ मध्ये आपली कन्या गौतमाबाई हिचा विवाहही त्यांनी मल्हाररावांशी लावून दिला.

रान ओळखणे, वाऱ्याची दिशा पाहणे, पाणवठा शोधणे आणि रात्री-बेरात्री जागरूक राहणे, हे मेंढपाळाचे गुण होत. तेच गुण मल्हाररावांना शिलेदारीत उपयोगी पडले. त्यांची कीर्ती तरुण पेशवे बाजीराव यांच्या कानी गेली आणि १७२१ च्या सुमारास मल्हारराव त्यांच्या सैन्यात दाखल झाले. मामाच्या छत्राखालील निर्धास्त चाकरी सोडून नव्या धन्याकडे जाण्याचा निर्णय सोपा नव्हता. परंतु बाजीरावांची दृष्टी नर्मदेपलीकडे आहे आणि पराक्रमाला वाव तिकडेच मिळेल, हे त्यांनी अचूक हेरले. तरीही जुना उपकार ते विसरले नाहीत. होळकरांचे लाल-पांढरे निशाण हे मूळ कदमबांड्यांच्या निशाणावरूनच घेतलेले होते.

१७२५ पर्यंत मल्हारराव पाचशे स्वारांचे नायक झाले. १७२८ मध्ये पालखेडच्या मोहिमेत बाजीरावांनी निजामाला पाण्यावाचून कोंडून शरण आणले. शत्रूची रसद तोडण्याचे आणि त्याची वित्तंबातमी आणण्याचे काम त्या वेळी मल्हाररावांनी चोख बजावले. त्याच वर्षाच्या अखेरीस माळव्यात अमझेऱ्याच्या लढाईतही ते होते. माळव्याचा मोठा प्रदेश त्यांच्याकडे आला, इंदूर हे पुढे होळकरांचे मुख्य ठाणे झाले आणि मेंढरे राखणारा मुलगा सुभेदार म्हणून ओळखला जाऊ लागला.

मल्हाररावांच्या यशाचे मर्म त्यांच्या निर्णयशक्तीत होते. शत्रू किती, तो कोठे आहे, त्याचे धान्य कोठून येते, आपल्या घोड्यांना दाणावैरण किती दिवस पुरेल, या साऱ्या गोष्टींची खबर घेतल्यावाचून ते पाऊल टाकीत नसत. परिस्थिती प्रतिकूल दिसली, तर माघार घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. १७३७ मध्ये यमुना ओलांडून दुआबात शिरलेल्या त्यांच्या तुकडीला अयोध्येच्या सादतखानाने पिटाळून लावले. सादतखानाला वाटले, की आपण मराठ्यांच्या साऱ्या फौजेचाच मोड केला. तशी बढाईही त्याने बादशहास कळविली. वस्तुतः ती केवळ एक तुकडी होती. मराठे पळाले अशा समजुतीत मोगल सरदार असतानाच बाजीराव वेगाने थेट दिल्लीच्या वेशीपाशी येऊन ठेपले! अपुऱ्या माहितीवर आणि आपल्याला आवडेल तेच खरे मानण्यावर भरवसा ठेवला, म्हणजे शहाण्या माणसाचीही कशी फजिती होते, हे या प्रसंगी उघड झाले.

रणांगणावर इतक्या सावधपणे निर्णय घेणारे मल्हारराव राजकारणात मात्र कधी कधी चुकले. त्यांच्या आयुष्यातील तीन निर्णय इतिहासात विशेष प्रसिद्ध आहेत. तिन्ही वेळा त्यांच्या बुद्धीपुढे कोणता ना कोणता पडदा आला होता.

पहिला प्रसंग जयपूरचा. १७४३ मध्ये महाराज सवाई जयसिंह वारले आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या त्यांच्या दोन पुत्रांत गादीसाठी कलह लागला. ईश्वरीसिंह वडील मुलगा होता. परंतु मेवाडच्या राजकन्येच्या पोटी जन्मलेल्या पुत्रास गादी मिळावी, असा पूर्वीचा करार होता आणि माधोसिंह तसा पुत्र होता. त्याने मोठ्या रकमेचे आमिष दाखविले व मल्हाररावांनी त्याचा पक्ष घेतला. शिंदे मात्र ईश्वरीसिंहाकडे झुकलेले होते. मराठ्यांचे दोन थोर सरदार एकाच दरबारात परस्परविरुद्ध बाजूंस उभे राहिले. खंडणीचा तगादा असह्य होऊन, मल्हाररावांची फौज जवळ येताच, डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने विष घेऊन प्राणत्याग केला. माधोसिंह गादीवर आला. पण त्याचा गादीवर येण्याचा आनंद मराठ्यांना पंधरवडाही लाभला नाही. जानेवारी १७५१ मध्ये संतप्त झालेल्या जयपूरच्या लोकांनी शहरात आलेल्या अनेक मराठ्यांची कत्तल केली. हाती येणारी रक्कम मल्हाररावांना स्पष्ट दिसत होती. राजपुतांच्या मनात साठत चाललेला द्वेष मात्र त्यांना दिसला नाही. जवळचा लाभ डोळ्यांपुढे असला, म्हणजे दूरची हानी लहान भासते.

दुसरा प्रसंग याहून दारुण आहे. १७५४ च्या आरंभी रघुनाथराव पेशवे यांच्याबरोबर मल्हाररावांनी जाटांचा राजा सूरजमल याच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला. मार्च महिन्यात तोफेचा गोळा लागून मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव ठार झाले. बासष्टीत पदार्पण केलेल्या पित्यावर जणू आकाशच कोसळले. शोकाने बेभान होऊन त्यांनी शपथ वाहिली, की सूरजमलचा शिरच्छेद करीन आणि कुंभेरची माती यमुनेत टाकीन. अशी शपथ घेतल्यावर विचाराला जागा उरत नाही. किल्ला मजबूत होता, वेढ्याला महिने लोटले होते, तरी मल्हारराव तहाचे नाव काढू देईनात. अखेर सूरजमलने जयाप्पा शिंदे यांच्याशी संधान बांधले. जयाप्पांनी मध्यस्थी केली आणि मे महिन्यात तह होऊन वेढा उठला. मल्हाररावांचा सूड अपुरा राहिला व शिंदे-होळकरांमधील दुरावा मात्र वाढला.

परंतु याच घोर दुःखाच्या वेळी मल्हाररावांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय घेतला. खंडेरावांची पत्नी अहिल्याबाई त्या काळच्या रूढीप्रमाणे सती जाण्यास सिद्ध झाली होती. चौंडी गावच्या पाटलाची ही कन्या तेव्हा एकोणतीस वर्षांचीही नव्हती. तिला अडविले तर लोक नावे ठेवतील, धर्म मोडला असे म्हणतील, हे मल्हाररावांना ठाऊक होते. तरीही या वृद्ध सासऱ्याने सुनेची काकुळतीने विनवणी केली. पुत्र तर गेलाच. आता तूही गेलीस तर या दौलतीला आणि या म्हाताऱ्याला आधार कोणाचा, असे त्यांनी तिला समजाविले. अहिल्याबाई मागे फिरली. शत्रूविषयी निर्णय करताना ज्या शोकाने त्यांना आंधळे केले होते, त्याच शोकात सुनेविषयी निर्णय करताना त्यांची दृष्टी निर्मळ राहिली; कारण येथे त्यांनी लोक काय म्हणतील याचा विचार न करता समोरच्या माणसाची योग्यता पाहिली. ती योग्यता ते अनेक वर्षे जवळून पारखीत आले होते.

तिसरा प्रसंग १७५७ सालचा. अफगाणिस्तानचा बादशहा अहमदशहा अब्दाली हिंदुस्थान लुटून परत गेला होता आणि दिल्लीत त्याचा पक्षपाती रोहिला सरदार नजीबखान सत्ता गाजवीत होता. रघुनाथराव आणि मल्हारराव यांनी दिल्ली घेतली आणि नजीब मराठ्यांच्या हाती सापडला. हा मनुष्य अत्यंत बुद्धिमान व तितकाच धूर्त होता. मल्हाररावांचा कोपही त्याला माहीत होता आणि मायाही माहीत होती. त्याने आपण मल्हाररावांचे धर्मपुत्र आहोत, असे म्हणून त्यांचे पाय धरले. तीनच वर्षांपूर्वी पोटचा मुलगा गमावलेल्या पित्याच्या कानांवर हे शब्द पडले. अनेकांचा विरोध असताही मल्हाररावांनी शब्द टाकला आणि नजीबाला त्याच्या जहागिरीत सुखरूप जाऊ दिले.

बखरींत याचे आणखी एक कारण सांगितलेले आढळते. नजीबासारखा शत्रू उरला नाही, तर पेशव्यांना आपली गरज राहणार नाही, अशी भीती मल्हाररावांना वाटत होती, असे बखरकार म्हणतात. बखरींतील सारेच वृत्तान्त जसेच्या तसे खरे मानता येत नाहीत. तथापि माया असो वा स्वार्थ असो, परिणाम एकच झाला. सुटलेल्या नजीबाने अब्दालीला पुन्हा बोलाविले. गंगेच्या पाण्यावर पूल बांधून देतो, अशा थापा मारून त्याने दत्ताजी शिंदे यांना १७५९ चा सारा पावसाळा शुक्रतालपाशी खोळंबून ठेवले. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी धारातीर्थी पडले. मल्हारराव त्या वेळी राजपुतान्यात गुंतलेले होते आणि त्यांची मदत वेळेवर पोहोचली नाही. पुढे मार्च महिन्यात सिकंदराबादपाशी अब्दालीच्या घोडदळाने त्यांनाच बेसावध गाठले. अचानक छापा घालण्यात ज्यांनी हयात घालविली, त्यांच्यावरच तो प्रसंग आला!

त्याच वर्षी सदाशिवरावभाऊ मोठी फौज घेऊन उत्तरेस आले. वृद्ध मल्हाररावांनी त्यांना अनुभवाचे बोल ऐकविले. बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे आणि अवजड तोफा चंबळेच्या आसपासच्या सुरक्षित किल्ल्यांत ठेवाव्यात, सडी फौज घेऊन शत्रूभोवती फिरावे, त्याची रसद तोडावी आणि उन्हाळ्याने त्याला हैराण करावे, असा त्यांचा सल्ला होता. नवल असे, की हाच सल्ला सूरजमलनेही दिला. ज्याचा शिरच्छेद करण्याची शपथ मल्हाररावांनी घेतली होती, तो आता त्यांच्याच बाजूने बोलत होता. परंतु भाऊसाहेबांना तो मानवला नाही. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे इब्राहीमखान गारद्याच्या तोफखान्याच्या बळावर त्यांनी निजामाचा मोड केला होता. तो विजय ताजा होता. दक्षिणेत जे साधले ते उत्तरेतही साधेल, असा त्यांचा विश्वास होता. मेंढरे राखणाऱ्याच्या जुन्या युद्धरीतीपेक्षा नवा तोफखाना त्यांना श्रेष्ठ वाटला. नुकत्याच मिळालेल्या यशानेही माणसाची दृष्टी झाकोळते, याचे हे उदाहरण होय.

पानिपतावर मराठ्यांची दिल्लीकडील वाट तुटली आणि अन्नान्नदशा झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी निकराची लढाई झाली. दुपारपर्यंत मराठ्यांचे पारडे जड होते. विश्वासराव पडल्यावर सैन्याचा धीर सुटला. उजव्या बाजूस असलेले मल्हारराव आपल्या स्वारांसह रणांगणातून निघून गेले. या त्यांच्या कृतीबद्दल आजवर वाद चालत आला आहे. नजीबाशी असलेल्या नात्यामुळे त्यांनी लढाईत कसूर केली, असा आरोप काही जण करतात. लढाई हरल्यात जमा झाली, तर स्त्रियांना घेऊन निघून जावे, अशी भाऊंचीच आज्ञा होती, असे दुसरे काही सांगतात. लढाईचा अंत ठाऊक असणाऱ्यांना दोष देणे सोपे असते. धुळीने आणि धुराने भरलेल्या त्या रणांगणात सत्तरीकडे झुकलेल्या सेनानीला किती दिसत होते आणि किती कळत होते, याचा विचार केल्यावाचून या प्रश्नाचा न्याय करता येत नाही. एवढे मात्र खरे, की त्यांनी वाचविलेल्या फौजेच्या आधारावरच उत्तरेतील मराठी सत्ता पुढची काही वर्षे तगून राहिली.

पानिपतानंतर मल्हाररावांच्या त्या तीन निर्णयांचे खरे स्वरूप जगापुढे आले. ज्या सूरजमलचे राज्य मातीत मिळविण्याचा त्यांनी पण केला होता, त्याच सूरजमलने पानिपताहून उघडे-नागडे परत आलेल्या हजारो मराठ्यांना अन्नवस्त्र आणि आसरा दिला. ज्या नजीबाला पुत्र मानून सोडले होते, त्यानेच अयोध्येच्या शुजाउद्दौल्यासही अब्दालीच्या पक्षास वळवून मराठ्यांचा घात केला होता. आणि ज्या माधोसिंहाला त्यांनी जयपूरच्या गादीवर बसविले, तो मराठ्यांची दुर्दशा पाहताच त्यांच्यावर उलटला. नोव्हेंबर १७६१ मध्ये मांगरोळ येथे मल्हाररावांना त्याच माधोसिंहाच्या फौजेशी लढावे लागले. त्यांनी ती लढाई जिंकली. परंतु आपणच वाढविलेला वृक्ष आपणच तोडावा, असा तो प्रसंग होता. क्रोधाच्या भरात ज्याला वैरी मानले तो उपकारक ठरला, मायेच्या भरात ज्याला पुत्र मानले तो घातकी निघाला आणि लोभाने ज्याला मित्र केले तो शत्रू झाला.

मल्हारराव मात्र खचून गेले नाहीत. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे निजामावर मिळविलेल्या विजयात ते तरुण माधवराव पेशव्यांच्या बाजूने होते. मे १७६५ मध्ये कोऱ्याजवळ इंग्रजांच्या कवायती फौजेपुढे मात्र त्यांच्या गनिमी काव्याचे काही चालले नाही. अब्दालीविरुद्ध योग्य ठरू शकली असती, ती युद्धरीत शिस्तबद्ध तोफखान्यापुढे अपुरी पडली. काळ पालटला, की काल खरी असलेली गोष्टही पुन्हा तपासून पाहावी लागते.

आयुष्याच्या या उत्तरार्धात त्यांनी एक काम अत्यंत निष्ठेने केले. दौलतीचा जमाखर्च, फौजेची तरतूद, न्यायनिवाडा या साऱ्या बाबतींत ते अहिल्याबाईंना तयार करीत राहिले. स्वतः मोहिमेवर असताना ते त्यांना पत्रे लिहीत आणि कामे सोपवीत. १७६५ मधील एका पत्रात तर ते त्यांना तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जाण्याविषयी आणि दारूगोळ्याची सिद्धता करण्याविषयी कळवितात. ज्या काळी स्त्रियांना चूल आणि मूल एवढेच क्षेत्र मोकळे होते, त्या काळी सासऱ्याने सुनेवर तोफखान्याचा भार टाकावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. रणभूमीवर माहिती घेऊन, पारखून आणि मग ठरवून पाऊल टाकण्याची जी रीत त्यांनी आयुष्यभर पाळली होती, तीच त्यांनी येथे घरात पाळली.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचा देहान्त झाला. त्यांच्यामागून नातू मालेराव गादीवर आला. पण तो वर्षभरातच वारला. होळकरांची दौलत आता बुडणार, असे अनेकांना वाटले. तेव्हा, डिसेंबर १७६७ मध्ये, अहिल्याबाईंनी कारभाराची सूत्रे हाती घेतली आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत जवळजवळ अठ्ठावीस वर्षे न्यायाने राज्य केले. त्यांनी बांधलेले घाट, विहिरी, धर्मशाळा आणि मंदिरे काशीपासून रामेश्वरापर्यंत पसरलेली आहेत. आलमपूर येथे आपल्या सासऱ्यांची छत्रीही त्यांनीच उभारली. मल्हाररावांनी जिंकलेले अनेक मुलूख पुढे हातचे गेले. परंतु कुंभेरच्या वेढ्यात, चितेच्या वाटेवरून त्यांनी परत आणलेल्या त्या सुनेने त्यांचे नाव अमर केले.